चिमणीवरचा खटला



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले चार महिने लेकीकडे न्यू जर्सीला होते. परत आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, न्यूयॉर्क पाहिलं, सगळं रीतसर झालं. पण खरं सांगू का? सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या अंगणातल्या चिमण्या पाहिल्या. त्यांच्यावरून घरात भांडणही केलं. आज त्या भांडणाची गोष्ट, आणि त्याच्या मागे असलेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाची. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता आणि पस्तीस वर्षं वर्गात तोच शिकवला. त्यामुळे तारखा येतील, सांभाळून घ्या.

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीनलाच जाग आली. (जाणाऱ्या प्रत्येकाची येते.) उजाडल्यावर मागच्या दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसले, तर कुंपणावर चिवचिवाट! नराच्या गळ्याखाली तोच काळा डाग, मादी तशीच मातकट. सातासमुद्रापार आपल्या माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. आमच्या जुन्या घरात देवांच्या तसबिरींमागे चिमण्यांची घरटी असायची. सासूबाई अंगणात सुपाने तांदूळ पाखडायला बसल्या की भोवती चिमण्या गोळा होत. आरशावर चोची मारणारी चिमणी तर आम्हा पोरांची करमणूकच होती. म्हणून मी रोज सकाळी मूठभर तांदूळ आणि उरलेल्या ब्रेडचा चुरा अंगणात टाकू लागले. आठवड्याभरात तीसेक चिमण्या जमायला लागल्या. मी खूश, नात खूश.

पलीकडच्या घरातले आजोबा मात्र खूश नव्हते. माझ्याच वयाचे, एकटे राहणारे, अबोल गृहस्थ. त्यांनी दोन्ही अंगणांच्या हद्दीजवळ एका खांबावर लाकडी खोका लावला होता, ब्लूबर्डसाठी. ब्लूबर्ड म्हणजे पाठ निळी, छाती विटकरी, असा देखणा पक्षी. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याचा तो राज्यपक्षी आहे. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, पण स्वतः ढोली पाडू शकत नाही. जुनी वाळकी झाडं माणसांनी तोडली, तशी त्याला जागा मिळेना. मग गावोगावच्या लोकांनी त्याच्यासाठी खोके लावायला सुरुवात केली. खोक्याचं भोक दीड इंचाचं. अडचण अशी की ज्या भोकातून ब्लूबर्ड आत जातो, त्यातून चिमणी सहज जाते.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी आजोबांनी मला हाताने खूण करून बोलावलं. खोक्याचं दार उघडून दाखवलं. आत गवताचा, पिसांचा, प्लॅस्टिकच्या चिंध्यांचा ढीग. त्याखाली ब्लूबर्डची मादी मरून पडलेली, डोक्यावर चोची मारलेल्या. तिच्याखाली चार निळी अंडी. खोक्याच्या छतावर बसून चिमणा ओरडत होता. आजोबा काही चिडले नाहीत. हळू आवाजात चार वाक्यं बोलले. ती नातीने मला सांगितली, "आजी, ते म्हणतात, प्लीज ब्रेड टाकू नका. त्यामुळे चिमण्या वाढतात. त्या इथल्या नाहीत. इन्व्हेझिव्ह आहेत."

मी म्हटलं, "चिमणी असं करणारच नाही." बारा वर्षांची पोर माझ्याकडे बघत राहिली. पुरावा समोर उघडा पडला होता.

त्या रात्री जेवताना वाद झाला. लेक म्हणाली, "आई, तू दाणे टाकणं बंद कर. आपल्याला इथे शेजाऱ्यांबरोबर राहायचंय." जावईबापू म्हणाले, पक्षी पक्ष्यांचं बघून घेतील. नातीचं म्हणणं, शाळेत शिकवतात की बाहेरून आलेल्या जाती स्थानिक जातींचं नुकसान करतात. मला त्या 'बाहेरून आलेल्या' शब्दाचा फार राग आला. म्हटलं, "अगं, आपण तरी कुठून आलो?" लेक गप्प झाली. तिला ते लागलं, हे मला नंतर कळलं. पंचवीस वर्षं झाली तिला तिथे.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, चल, आपण ही केस नीट तपासू. तिने कॉम्प्युटरवर एक जुना सरकारी अहवाल शोधून काढला. 1889 सालचा, अमेरिकेच्या शेतकी खात्याचा, वॉल्टर बॅरोज यांनी तयार केलेला, चारशे पानांचा, आणि सगळा एकट्या चिमणीवर! ती वाचून सांगायची, अडलं तिथे मी चश्मा पुसून बघायची. आठ दिवस आमची दुपारची शिकवणी चालली.

निघालं ते असं. 1850 च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रस्त्याकडेच्या झाडांवर अळ्यांचा सुळसुळाट झाला होता. झाडं उघडीबोडकी, अळ्या लोंबकळून लोकांच्या टोप्यांवर पडायच्या. तिथल्या एका संस्थेच्या मंडळींनी, निकोलस पाइक त्यांच्यात प्रमुख, इंग्लंडहून आठ जोड्या चिमण्या मागवल्या. पहिली खेप काही तग धरेना. मग 1852 मध्ये आणखी मागवल्या, त्या ग्रीनवुड नावाच्या मोठ्या दफनभूमीत सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस नेमला. पुढे गावोगावी हेच सुरू झालं. फिलाडेल्फिया शहराने 1869 मध्ये एकदम हजारभर पक्षी आणले. लोकांनी त्यांच्यासाठी लाकडी घरं टांगली, त्यांना मारू नये म्हणून कायदे केले. विल्यम कलन ब्रायंट या नामवंत कवीने तर त्यांच्या स्वागताची कविताही केली. म्हणजे चिमणी काही चोरून आली नव्हती. तिला पाहुणी म्हणून जहाजाने आणली होती.

मग शहरात घोड्यागाड्या. घोड्यांच्या लिदीत न पचलेले ओट्सचे दाणे. चिमण्यांना रस्तोरस्ती अन्नछत्रच उघडलं! वीस-पंचवीस वर्षांत त्यांची संख्या अफाट झाली, धान्याच्या आगगाड्यांबरोबर त्या पश्चिमेकडे सरकत गेल्या. शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली.

आता दोन पंडितांत जुंपली. बॉस्टनचे टॉमस ब्रूअर चिमणीचे वकील, आणि सैन्यातले डॉक्टर एलियट कूज सरकारी वकील. 1870 च्या दशकात त्यांनी वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून एकमेकांवर इतके वार केले की त्याला 'चिमणीयुद्ध' असंच नाव पडलं. ब्रूअर म्हणत, ती अळ्या खाते. कूज म्हणत, ती धान्य खाते आणि स्थानिक पक्ष्यांना हुसकावते. 1880 मध्ये ब्रूअर वारले, त्याबरोबर चिमणीचा मोठा कैवारी गेला.

गंमत अशी की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. चिमणी पिल्लांना किडे भरवते. मोठी झाल्यावर मुख्यतः दाण्यांवर जगते. बॅरोज यांच्या खात्याने 522 चिमण्यांची पोटं फाडून तपासली, तर बहुतेकांत धान्यच निघालं. ज्या गुळगुळीत अळ्यांसाठी तिला आणलं त्या कमी झाल्या खऱ्या, पण केसाळ अळ्यांना ती तोंड लावीना, त्यामुळे त्यांचं फावलं. अहवालाचा निकाल: संरक्षणाचे कायदे रद्द करा, चिमण्या मारा. मिशिगनसारख्या राज्यांनी मारलेल्या चिमणीमागे बक्षीस लावलं. 1900 च्या लेसी कायद्याने जे प्राणी देशात आणायला बंदी केली, त्यांत चिमणीचं नाव घातलं. पन्नास वर्षांपूर्वी तिकीट काढून आणलेल्या पाहुणीला दार बंद! 1918 च्या पक्षिसंरक्षण कायद्यातही तिला जागा नाही. म्हणून आजही तिथे ब्लूबर्डचं अंडं हलवणं गुन्हा, चिमणीचं घरटं काढणं गुन्हा नाही.

त्या जुन्या लिखाणातली भाषा वाचताना मला सारखं काहीतरी खुपत होतं. परकी, भांडखोर, घाणेरडी, भराभर पोरं वाढवणारी… त्याच काळात जहाजांनी येणाऱ्या गरीब माणसांबद्दलही हेच शब्द वापरले जात होते. मी विजयी मुद्रेने नातीला म्हटलं, "बघ! राग पक्ष्यावर नव्हताच."

ती थोडा विचार करून म्हणाली, "पण आजी, ब्लूबर्ड तर खरंच मेली ना?"

इतक्या वर्षांत वर्गात मला निरुत्तर करणारी मुलं थोडी भेटली. त्यांत ही एक. लोक चिमणीला वाईट शब्दांत बोलले म्हणून खोक्यातली अंडी जिवंत होत नाहीत. आणि माणसांना लावायचा न्याय पक्ष्यांना लावून मीही तेच करत होते, जे कूज करत होते. फक्त उलट बाजूने. लेकीला टोचून बोलले ते वेगळंच.

मग मला आपली काऊ-चिऊची गोष्ट आठवली. मी ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत दार ठोठावतो आणि मेणाच्या घरातली चिमणी आतून सबबी सांगत राहते. दार लवकर उघडतच नाही! आपल्या आजीपणजींना चिमणी पक्की ठाऊक होती. घरट्याच्या बाबतीत ती कुणाची नसते. भोळी चिऊताई आपण नंतर केली.

माणसाशी तिची संगत मात्र फार जुनी. 2018 साली शास्त्रज्ञांनी तिच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनुष्यवस्तीपासून दूर राहणाऱ्या भाऊबंदांपासून ती सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी, शेती सुरू झाली त्या सुमाराला वेगळी झाली, आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकात तिच्यात बदल दिसतात. म्हणजे आपण धान्य पेरलं आणि ती आपल्या घरची झाली. तेव्हापासून आपण तिचा न्याय करत आलो आहोत. चीनमध्ये 1958 साली तिला चार शत्रूंपैकी एक ठरवलं. लोकांनी थाळ्या बडवून चिमण्यांना दमवून मारलं. टोळ आणि किडी वाढल्या, आणि 1960 मध्ये यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घातला. तोवर दुष्काळ सुरू झाला होता. त्याला कारणं बरीच होती, पण हेही एक होतं.

आणि आता वारं फिरलं आहे. ज्या इंग्लंडहून ती गेली, तिथेच 2002 पासून ती धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. अमेरिकेतही घोडे गेल्यापासून आणि शेतीची पद्धत बदलल्यापासून ती कमी होते आहे. आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तिच्यासाठी चळवळ उभी केली आणि 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला. दिल्लीने 2012 मध्ये तिला राज्यपक्षी केलं. माझा मावसभाऊ सगळा दोष मोबाइल टॉवरला देतो. ते काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. सिमेंटच्या सपाट भिंतींत बेचके नाहीत, धान्य पिशवीबंद, पिल्लांना भरवायला किडे नाहीत, हे जास्त पटतं. 2020 च्या देशव्यापी पक्षी-अहवालात दिसलं की एकूण भारतात चिमणी टिकून आहे. घटली आहे ती मुंबईसारख्या सहा महानगरांत.

असो. भांडणाचा शेवट सांगते. मी ब्रेड आणि तांदूळ टाकणं बंद केलं. सोपं नव्हतं, दोन दिवस चिमण्या पायरीपर्यंत यायच्या आणि मी दार लावून आत बसायचे, गोष्टीतल्या चिऊसारखी. जावईबापूंबरोबर पक्ष्यांच्या खाण्याच्या दुकानात गेले, तर पिशव्यांमध्ये चक्क आपली करडई आणि कारळे! करडईला चिमण्या सहसा फारसं विचारत नाहीत. कारळ्यांवर पिवळाधमक गोल्डफिंच येतो. तो न्यू जर्सीचा राज्यपक्षी. तिथले कारळे बरेचसे भारत आणि इथिओपियाहून जातात. ज्याची आपण चटणी करतो ते त्यांचा राज्यपक्षी खातो, हे आजोबांना नातीकरवी सांगितलं, तर ते प्रथमच हसले.

मी त्यांना एकच विनंती केली, की ओसरीच्या वळचणीतलं आमचं घरटं राहू द्या. खोक्यातलं, अंडी घालायच्या आधी तुम्ही काढा. त्यांनी मान डोलावली. मी निघेपर्यंत रोज सकाळी ते खोका उघडून बघायचे आणि काड्या काढून टाकायचे. ब्लूबर्ड पुन्हा आले नाहीत. खोका रिकामाच राहिला.

विमानतळावर लेकीला जवळ घेऊन म्हटलं, "त्या रात्री बोलले ते मनात ठेवू नकोस." ती म्हणाली, "आई, मला इथे पंचवीस वर्षं झाली. अजून मीही विचार करते, की कुठली."

काल नातीचा फोन होता. "आजी, तू तिकडे चिमण्यांना तांदूळ घालतेस का?"

म्हटलं, "हो. रोज सकाळी. मीटरच्या पेटीवर जोडी आली आहे."

"मग तिकडे चालतं?"

"इथे ती फार जुनी आहे," मी म्हटलं. "तरी पेटीशेजारच्या भोकात दयाळ घरटं करतोय का, तेवढं बघते."