सिंधुदुर्गातील म्हातारपणाची तरतूद

मराठी राज्यात चाकरीचा मोबदला आणि चाकरीनंतरची सोय यांत आजच्यासारखी स्पष्ट रेघ नव्हती. इनाम, वतन, वर्षासन यांवर घराणी पिढ्यान्‌पिढ्या जगत. लढाईत पडलेल्याच्या कुटुंबासाठी ‘बालपरवेशी’ नावाची नेमणूक असे. त्यासाठी खजिन्यातून रोकड नेहमीच निघत नसे, पण इनाम दिलेल्या जमिनीचा वसूल पुढच्या राज्यकर्त्यांच्याही हाती येत नसे. पेशवाईत मोहिमांसाठी सावकारांकडून कर्जे काढली जात. ती फेडायची तीही पुढच्या वसुलातूनच. उद्याच्या उत्पन्नावर आज बोजा चढवण्याची ही रीत जुनीच आहे.

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढे मुंबई इलाख्यात इनामांची कसून चौकशी झाली. १८७१ च्या पेन्शन कायद्याने अशा नेमणुकांचे दावे दिवाणी न्यायालयाऐवजी सरकारी अधिकाऱ्यांकडे सोपवले. दक्षिण कोकणातून सैन्यात मोठी भरती होई, त्यामुळे सरकारी तिजोरीतून मिळणारी रोख ‘पेन्शन’ इथल्या गावांच्या ओळखीची झाली.

बाकीच्यांचा आधार मुंबई होती. १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय झाली आणि गिरणीतल्या चाकरमान्याची कमाई टपालाने गावच्या आईबापांपर्यंत पोचू लागली. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने कामगाराचा आणि मालकाचा वाटा साठू लागला. ‘फंड’ हा शब्द घरोघरी रुळला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर हजारो गिरणी कामगारांची नोकरी गेली आणि गावाकडे येणारा हा ओघ आटला.

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. शिक्षक, तलाठी, आरोग्य कर्मचारी अशा नोकऱ्यांतून सरकारी निवृत्तीवेतन आधार देऊ लागले. मात्र त्यासाठी वेगळा निधी साठवलेला नसे. दरवर्षीच्या महसुलातूनच ते दिले जाई. आयुर्मान वाढले, निवृत्तांची संख्या वाढली आणि पगार, निवृत्तीवेतन व कर्जावरील व्याज यांतच महसुलाचा मोठा भाग जाऊ लागला. म्हणून १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांना राज्याने अंशदान योजना लागू केली. कर्मचारी आणि सरकार दोघेही निधीत भर घालतात, पण गुंतवणुकीची जोखीम कर्मचाऱ्यावर येते. याच कारणाने मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी राज्यभर संप झाला, आणि २०२४ मध्ये सरकारने हमी असलेल्या निवृत्तीवेतनाचा पर्याय मान्य केला. हमी परतली, तसा तिचा भारही राज्याच्या तिजोरीकडे परतला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्जाचा अंदाज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये होता.

या साऱ्या हिशेबाबाहेर राहिला तो रापणीवरचा मच्छीमार, आंबा-काजूच्या बागेतला मजूर, घरकाम करणारी बाई. त्यांना मालकाचा वाटा नाही आणि पगारातून कपातही नाही. पासष्टी उलटलेल्या निराधारांना श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. तरुण बाहेर जातात, वृद्ध मागे राहतात. ज्यांच्या नावे कधी फंड साठला नाही, त्यांच्यासाठी मुलाने मुंबईहून पाठवलेले पैसे हेच आजही खरे निवृत्तीवेतन आहे.