झोपेत होणारा निर्णय : स्तनाच्या बायॉप्सीचा इतिहास (दीर्घ धागा)

२८ सप्टेंबर १९७४. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात भूल देण्यात आली. दोनच दिवसांपूर्वी नेहमीच्या तपासणीत त्यांच्या उजव्या स्तनात गाठ आढळली होती. ती साधी की कर्करोगाची, हे भूल देताना कोणालाही ठाऊक नव्हते. गाठ काढली गेली, तिचा तुकडा तपासला गेला, कर्करोग निघाला आणि त्याच भुलीखाली स्तनही काढला गेला.

यात काही विपरीत घडले असे तेव्हा फारच थोड्यांना वाटले. रूढ पद्धतच तशी होती. शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीने दोन्ही गोष्टींच्या संमतीवर एकदम सही करायची: गाठ तपासण्याच्या आणि गरज पडल्यास स्तन काढण्याच्या. निदान झाले, निर्णय झाला, तो अंमलात आला, आणि हे सारे ती बेशुद्ध असताना. जाग आल्यावर छातीवरची पट्टी चाचपून तिने आपला आजार ओळखायचा.

आज सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या आधाराने सुईने तुकडा घेतात. बाई घरी जाते आणि अहवालाची वाट पाहते. ही वाट पाहणे त्रासदायक असते खरे. पण ते वाट पाहण्याचे दिवस मिळवण्यासाठी विसाव्या शतकाची बहुतेक वर्षे खर्ची पडली.

या रूढीचे मूळ बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सापडते. विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व एकसंध काढावे, म्हणजे रोग परत उद्भवत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. तोवर रोग त्याच जागी पुन्हा येण्याचे प्रमाण इतके भयानक होते की हॉल्स्टेड यांचे आकडे पाहून शल्यचिकित्सक भारावून गेले. पुढची सुमारे ७० वर्षे अमेरिकेत या शस्त्रक्रियेचे राज्य चालले.

तिला जोड मिळाली ती एका प्रयोगशाळेतील युक्तीची. मिनेसोटातील मेयो क्लिनिकचे लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये ताजी पेशीजाल गोठवून, तिचे पातळ काप करून, रंगवून काही मिनिटांत निदान सांगण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण टेबलावर असतानाच कर्करोग आहे की नाही हे कळू लागले. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. आणि याच सोयीमुळे स्त्रीला मध्येच जागे करून विचारण्याचे कारण उरले नाही.

तत्कालीन डॉक्टरांना क्रूर ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गाठीला चाकू लागल्यावर थांबले तर रोग पसरेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दोनदा भूल देणे आजच्याइतके सुरक्षित नव्हते. मात्र आपले निदान ऐकून घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता, हेही तितकेच खरे.

सुईचा पर्याय नव्हता असे नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्येच सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत मांडली होती. अमेरिकेत ती रुजली नाही. सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल, ही भीती त्यामागे होती.

ही भीती मराठी घरांतही अनोळखी नाही. ‘सुई लागली की गाठ पसरते’ हे वाक्य आजही कानावर येते आणि त्यापायी तपासणी लांबणीवर पडते. सुईच्या मार्गात क्वचित काही पेशी विखुरतात, हे सत्य आहे. पण त्यामुळे रोग बळावतो किंवा आयुष्य घटते, असे अनेक दशकांच्या अनुभवातून दिसलेले नाही. उशिराने मात्र निश्चित नुकसान होते.

स्वीडनमध्ये चित्र वेगळे होते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत सिक्स्टन फ्रान्झेन आणि योसेफ झायिचेक यांनी बारीक सुईने पेशी तपासण्याचे शास्त्रच उभे केले. पुढची मोठी पावलेही स्वीडनमध्येच पडली, त्याकडे नंतर येऊ.

अमेरिकेत पहिला धक्का यंत्राने दिला नाही, रुग्णांनी दिला. लेखिका व संपादक बॅबेट रॉझमंड यांनी १९७१ मध्ये एकाच वेळी सारे उरकण्यास नकार दिला आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी एके काळची बालतारका शर्ली टेंपल ब्लॅक हिने आधी फक्त बायॉप्सी होईल, पुढचा निर्णय मी घेईन, अशी अट घातली आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातूनच ही हकिकत जाहीर केली. ज्या काळात वर्तमानपत्रे ‘स्तन’ हा शब्द छापतानाही संकोचत, त्या काळातील ही गोष्ट.

या लढ्यात सर्वांत चिवट ठरली ती पत्रकार रोझ कुशनर. १९७४ च्या उन्हाळ्यात तिला स्वतःलाच गाठ लागली. केवळ बायॉप्सी करून थांबेल असा शल्यचिकित्सक शोधता शोधता ती थकली. पुढे तिने या विषयावर पुस्तक लिहिले, परिषदांमध्ये जाऊन डॉक्टरांना प्रश्न विचारले, त्यांचा रोष ओढवून घेतला. जून १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने स्तनकर्करोगाच्या उपचारांवर तज्ज्ञांची बैठक बोलावली, तेव्हा तिच्या समितीत कुशनरला स्थान मिळाले. समितीने शिफारस केली की निदानाची बायॉप्सी वेगळी करावी, तिचा पक्का अहवाल पाहावा आणि मगच उपचारांचे पर्याय रुग्णापुढे ठेवावेत. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने हे पर्याय सांगणे कायद्याने बंधनकारक केले.

आणि पर्याय खरोखरच उपलब्ध होऊ लागले होते. मिलानमधील उंबेर्तो वेरोनेसी (१९८१) आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर (१९८५) यांच्या चाचण्यांनी दाखवून दिले की लहान गाठींत स्तन वाचवून, किरणोपचार देऊनही जगण्याचे प्रमाण तितकेच राहते. असे असताना झोपेत निर्णय घेण्याला काय आधार उरला?

आता यंत्रांकडे. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा अभ्यासल्या. मॅमोग्राफीची सुरुवात तेथे मानतात. (ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचे पद गेले. ते जिवंत राहिले. त्यांची चित्रकार कन्या शार्लोट मात्र १९४३ मध्ये ऑशविट्झमध्ये मारली गेली.) १९६३ पासून न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने सामूहिक तपासणीचा पाया घातला.

मॅमोग्राफीने एक नवीच अडचण निर्माण केली. हाताला न लागणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण चित्रात दिसू लागले. जे बोटांना जाणवत नाही ते कापायचे कसे? मग चित्र पाहून स्तनात एक तार रोवायची आणि तिच्या मागाने जाऊन शस्त्रक्रियेने तो भाग काढायचा. यातील बहुसंख्य तुकडे निरुपद्रवी निघत. व्रण मात्र कायम राही.

१९७७ मध्ये कारोलिन्स्काच्या बोल्मग्रेन, याकोबसन आणि नोर्डेनस्ट्रोम यांनी उपाय प्रसिद्ध केला. दोन वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घ्यायच्या, दोहोंतील फरकावरून ठिपक्याची खोली गणिताने काढायची आणि सुई थेट तेथे न्यायची. १९८२ मध्ये उप्सालाच्या पेर गुन्नार लिंडग्रेन यांनी स्प्रिंगवर चालणारे उपकरण आणले. खटका दाबताच सुई क्षणार्धात आत जाऊन पेशीजालीची सळई घेऊन येई. कोलोरॅडोतील स्टीव्ह पार्कर यांनी या दोहोंची सांगड घालून १९९०-९१ मध्ये दाखवले की सुईचे निदान शस्त्रक्रियेच्या निदानाशी जवळजवळ नेहमीच जुळते. १९९५ च्या सुमारास हवेच्या ओढीने एकाच छिद्रातून अनेक तुकडे घेणारी सुई आली.

आजच्या बायॉप्सीत या इतिहासाचा प्रत्येक थर दिसतो. गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर स्त्री उताणी किंवा किंचित कुशीवर झोपते आणि डॉक्टर पडद्यावर पाहत सुई नेतात. फक्त मॅमोग्राफीत कण दिसत असतील तर ती बसून किंवा पालथी झोपते, स्तन दोन पट्ट्यांत दाबला जातो आणि काही काळ अगदी स्थिर राहावे लागते. केवळ एमआरआयमध्ये दिसणाऱ्या भागासाठी एमआरआयच वापरतात.

पूर्ण भूल लागत नाही. त्या जागेपुरत्या भुलीचे इंजेक्शन काही क्षण झोंबते, त्यानंतर प्रामुख्याने दाब जाणवतो. त्वचेवर काही मिलिमीटरची चीर पुरते. स्प्रिंगच्या सुईचा ‘खट्’ असा आवाज दचकवतो. तो आधी ऐकवून ठेवा, असे सांगायला हरकत नाही. तुकडे अनेक घेतात, कारण एकाच तुकड्यावर विसंबणे धोक्याचे. कॅल्शियमचे कण असतील तर ते खरोखर तुकड्यात आले का, हे लगेच क्ष-किरणाने पाहतात. मग त्या जागी तिळाहूनही लहान धातूची क्लिप सोडतात, म्हणजे पुढे ती जागा नेमकी सापडते. ही रोवलेल्या तारेची शांत वारसदार म्हणावी.

शेवटी काही मिनिटे जागा दाबून धरतात आणि चिकटपट्टी लावतात. टाके सहसा लागत नाहीत. बर्फाचा शेक घेतात, दिवसभर जड उचलत नाहीत. काळेनिळे डाग काही दिवस राहू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधी सांगावीत, स्वतःहून बंद करू नयेत. रक्त थांबत नसेल, सूज किंवा ताप वाढत असेल तर लगेच कळवावे.

अहवाल काही दिवसांत येतो. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत गाठ निरुपद्रवी निघते. कर्करोग निघाल्यास त्याच तुकड्यावर हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ या चाचण्या होतात, त्यांना आणखी वेळ लागतो. अहवाल आणि प्रतिमा यांचा मेळ बसतो का, हे पाहणे रेडिओलॉजिस्टचे काम असते. चित्र संशयास्पद आणि तुकडा निर्दोष, असे घडले तर बायॉप्सी पुन्हा करतात, किंवा तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासतात. मात्र आता त्याआधी त्या स्त्रीशी बोलणे होते, आणि तेव्हा ती जागी असते.