वातव्याधी, मंदाग्नी आणि विनयपिटकातील भेसज्ज

मुंबई-पुणे मार्गाने पनवेल सोडून खोपोलीकडे जाताना खालापूर तालुक्यात लोधिवली लागते. पाताळगंगेच्या या खोऱ्यात पावसाळा लांबला म्हणजे घरोघरची वृद्ध माणसे 'वाताने सांधे धरले' असे म्हणू लागतात. आणि त्याच माणसांची दुसरी तक्रार पुष्कळदा 'खाल्लेले जिरत नाही' अशी असते. (शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे नाव रसायनी आहे. वार्धक्याचा विचार करणाऱ्या आयुर्वेदाच्या अंगालाही रसायनच म्हणतात, हा योगायोग मोठा मौजेचा.) सांधा आणि जठर ही दोन्ही एकाच देहात बिघडली असता उपचाराचा प्रारंभ कोठून करावा, हा प्रश्न आजचा नाही. त्याचे एक फार जुने उत्तर पालि विनयपिटकात सापडते. महावग्गातील भेसज्जक्खंधक हे प्रकरण आम्हांस या दृष्टीने महत्त्वाचे वाटते.

या प्रकरणाची सुरुवातच पचनाच्या दुर्बलतेने होते. शरद ऋतूतील आजाराने ग्रासलेल्या भिक्खूंना यागू पचेना, भातही पचेना. ते कृश आणि निस्तेज झाले. तेव्हा भगवान बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवीसारखा पातळ गूळ ही पाच औषधे अनुज्ञात केली. त्यांची निवड करताना लावलेली कसोटी लक्षात घेण्याजोगी आहे: जे लोकांत औषध म्हणून मान्य आहे, देहाचे पोषणही करते, पण जड आहार म्हणून गणले जात नाही, ते द्यावे. पुढे विकाल भोजनाचा नियमही या पाच द्रव्यांपुरता शिथिल करण्यात आला. आजाऱ्याच्या जठराला काय झेपेल, हा विचार येथे नियमाच्याही पुढे गेलेला दिसतो.

त्यानंतर स्थविर पिलिंदवच्छांच्या वातव्याधीचा प्रसंग येतो. वैद्यांनी तेल कढवून देण्यास सांगितले. त्यात मद्य मिसळणे आवश्यक होते, म्हणून तेही अनुज्ञात झाले. परंतु काही भिक्खूंनी मद्य अधिक घालून ते पिण्यास आरंभ केला. तेव्हा तेलात मद्याचा रंग, गंध वा चव जाणवता कामा नये, असा नियम झाला. आणि जे तेल अधिक मद्य घालून आधीच तयार झाले होते, ते अंगाला चोळण्यासाठी वापरावे असे ठरले. पुढे 'अंगवात' झाला असता स्वेदनाचे अनेक प्रकार आणि 'पब्बवात' झाला असता रक्तमोक्षण व शिंग लावून रक्त काढणे यांना अनुमती मिळाली. पब्ब म्हणजे पर्व, आपल्या मराठीतील पेर. सांध्यांच्या वाताला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र उपचार देणारा हा उल्लेख भारतीय वैद्यकाच्या इतिहासात दुर्लक्षिला जाऊ नये. अर्थात रक्तमोक्षणाचा हा जुना आधार घेऊन आज कोणी घरी तसे काही करू नये, हे सांगणे अगत्याचे आहे.

याच प्रकरणात यागूचे दहा गुण सांगितले आहेत. ती भूक व तहान शमवते, वाताचे अनुलोमन करते, बस्ती शुद्ध करते आणि उरलेले अपक्व अन्न पचविते, असे त्यांतले काही. कर्जत-खालापूरच्या भातशेतीच्या मुलखात जिला पेज म्हणतात ती संस्कृत 'पेया'चीच लेक. यागू तिची बहीण मानावयास हरकत नाही. संयुत्तनिकायात एक साधी हकीकत आहे. बुद्धांना वाताचा त्रास झाला असता उपवान या भिक्खूने देवहित नावाच्या ब्राह्मणाकडून ऊन पाणी आणि फाणित आणले, त्या पाण्याने त्यांना स्नान घातले, फाणित ऊन पाण्यात कालवून प्यावयास दिले, आणि त्रास शमला. बाहेरून ऊब आणि आत हलके पेय, एवढाच तो उपचार.

आमच्या भूमीत याचे काही पुरावे आहेत काय? कर्जत तालुक्यातील कोंढाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव सांगणारा लहानसा लेख आहे. औषधाविषयी त्यात काही नाही. परंतु नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षाचा लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या, उपासिका विष्णुदत्ता हिने त्रिरश्मी पर्वतावरील भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी, 'गिलानभेसज'साठी, अक्षयनिधी ठेवला. ही रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवली होती, आणि त्यांत तिलपिषकांची म्हणजे तेल्यांची श्रेणीही होती. ग्रंथातील तेलाची अनुज्ञा आणि डोंगरातील आजाऱ्याची शुश्रूषा यांच्यामध्ये बाजारपेठ कशी उभी होती, हे या एका लेखावरून कळते.

आयुर्वेदात हा विचार पुढे अधिक काटेकोर झाला. इ.स. ७००च्या सुमारास माधवकराने निदानग्रंथात 'आमवाता'ला स्वतंत्र प्रकरण दिले. अग्नी मंद, हालचाल कमी, विरुद्ध आहार, स्निग्ध भोजनानंतर लगेच व्यायाम, अशी त्याची कारणे. न पचलेल्या अन्नरसाचा 'आम' वातासह सांध्यांत जाऊन बसतो, ही त्यामागची कल्पना. ११व्या शतकात चक्रपाणिदत्ताने उपचारांचा जो क्रम दिला त्यात आरंभ लंघनाने होतो. मग स्वेदन, अग्नी वाढविणारी कडू-तिखट द्रव्ये, विरेचन, आणि त्यानंतर स्नेहपान व बस्ती. एरंडतेलाला येथे मोठा मान आहे. पण सुजलेल्या, आमयुक्त सांध्याला शेक द्यावयाचा तो कोरडा, वाळूच्या पुरचुंडीचा. चरकाने वर्णिलेला संधिगत वात मात्र वेगळा. तेथे तेल आणि अभ्यंग योग्य. दुखऱ्या प्रत्येक सांध्याला तेल रगडण्याची आपली सवय या भेदाकडे काणाडोळा करते.

वृद्धांच्या बाबतीत लंघनाचाही विचार जपूनच करावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या कृश माणसाला कडक उपास घडविणे म्हणजे वाताला आमंत्रण. अशांसाठी जड अन्न टाळून सुंठ घातलेली पेज, मुगाचे कढण, ऊन पाणी हेच लंघन समजावे. आधुनिक वैद्यकही रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण होतात, वृद्धांत ते रक्तस्रावापर्यंत जातात, असे सांगते. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हा समजही तितकाच घातक. गुग्गुळाने कित्येकांचे पोट बिघडते; काही गुग्गुळकल्पांत धातूंची भस्मे असतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धाने ती वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत. एरंडतेलाचेही तसेच.

पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर औषधालय स्थापिले आणि या भागात तयार औषधांची परंपरा सुरू झाली. सोय मोठी झाली. मात्र बाटलीबरोबर पथ्य येत नाही. ते घरातल्या चुलीवरच शिजवावे लागते, आणि म्हाताऱ्या माणसासाठी वेगळी पेज टाकावयास कोणाला तरी सकाळी लवकर उठावे लागते.