'कोहा' : एका तालुकावजा ग्रंथालयातून निघालेली संगणकप्रणाली

ग्रंथालयाचा सारा कारभार, म्हणजे ग्रंथखरेदी, तालिकीकरण, सभासदांची नोंद आणि देवघेव, एकत्र सांभाळणारी पहिली मुक्तस्रोत संगणकप्रणाली म्हणून 'कोहा'चे नाव घेतले जाते. मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येते अशी प्रणाली. तिचा जन्म एखाद्या विद्यापीठात किंवा राष्ट्रीय ग्रंथालयात झाला नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या उत्तरेस होरोफेनुआ नावाचा, तेव्हा जेमतेम तीसेक हजार वस्तीचा असलेला जिल्हा आहे, आणि तेथील लेव्हिन, फॉक्सटन व शॅनन या गावांतील वाचनालये चालवणाऱ्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टने ती आपल्या गरजेपोटी करवून घेतली.

गरज उभी राहिली ती 1999 मध्ये. त्या काळच्या अनेक प्रणाली वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवत, त्यामुळे डिसेंबरात दिलेल्या पुस्तकाच्या परतीची तारीख जानेवारी '00' अशी नोंदली गेली की यंत्र ते 1900 समजणार, आणि पुस्तक घरी नेता नेताच वाचकाच्या नावावर शंभर वर्षांचा विलंब चढणार, अशी ही अडचण होती. ट्रस्टची जुनी प्रणालीही सन 2000 ओलांडू शकणारी नव्हती. बाजारात पर्याय होते, पण ते मोठ्या ग्रंथालयांच्या मापाने बेतलेले. खरेदीची रक्कम एकदा कशीबशी उभी केली, तरी शाखा जोडणाऱ्या कायमच्या दूरसंचार वाहिन्यांचे भाडे वर्षानुवर्षे भरत राहणे अशा संस्थेला परवडणारे नव्हते.

वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्स या लहानशा कंपनीने यावर सुचवलेला उपाय तेव्हा धाडसाचा वाटावा असाच होता : इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये चालणारी नवी प्रणालीच लिहायची, आणि तीही पर्ल ही संगणकभाषा व मायएसक्यूएल हा माहितीसंच अशा विनाशुल्क मिळणाऱ्या साधनांवर. क्रिस कॉर्मॅक हे तिचे प्रमुख आज्ञावलीकार होते. शाखांना साध्या दूरध्वनी तारांवर काम करावे लागणार असल्याने देवघेवीसाठी चित्रांचा भार नसलेला, निव्वळ अक्षरांचा पडदा ठेवण्यात आला; रांगेतल्या वाचकाला ताटकळावे लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. 3 जानेवारी 2000 रोजी प्रणाली प्रत्यक्ष कामाला लागली आणि त्याच वर्षी 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली ती सर्वांसाठी खुली झाली. आज्ञावलीत फेरफार करून ती दुसऱ्याला देणाऱ्याने ते फेरफारही त्याच अटींवर खुले ठेवावेत, असे हा परवाना सांगतो.

या निर्णयाचे वर्णन पुष्कळदा औदार्य म्हणून केले जाते, आणि प्रणालीचे माओरी भाषेतले, 'भेट' या अर्थाचे नाव त्या समजाला पोषकच आहे. तथापि त्यात व्यवहारही होता. एकाच ग्राहकासाठी एकाच छोट्या कंपनीने लिहिलेली प्रणाली त्या कंपनीबरोबरच संपुष्टात येण्याचा धोका असतो. ती जितक्या अधिक हातांत जाईल तितकी तिची देखभाल एका संस्थेच्या नशिबावर अवलंबून राहत नाही.

हे हात लवकरच पुढे आले. पहिल्या आवृत्तीत मार्कची सोय नव्हती. मार्क म्हणजे ग्रंथाची नोंद यंत्राला वाचता यावी म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1960 च्या दशकात विकसित केलेला आराखडा. त्यात प्रत्येक बाबीला ठरलेला क्रमांक असतो, जसे लेखकाचे नाव 100 मध्ये, शीर्षक 245 मध्ये, आणि त्यामुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता येते. ओहायोतील नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने या कामासाठी पैसा पुरवला आणि फ्रान्सच्या पॉल पूलँ यांनी त्यात मोठा वाटा उचलला. होरोफेनुआला ज्याची निकड भासली नव्हती ते ओहायोच्या पैशाने झाले आणि फुकटात होरोफेनुआलाही मिळाले. परवान्याचा हिशेब येथे नेमका जुळला.

भारतात स्वस्त प्रणालींची परंपरा याआधीची आहे. युनेस्कोची सीडीएस/आयसिस येथे विनामूल्य वाटली गेली आणि पुढे शासकीय ई-ग्रंथालयही आले, मात्र विनामूल्य आणि मुक्तस्रोत यांतला भेद आपल्याकडे अनेकदा पुसला जातो. कोहाची जागतिक परिषद 2011 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळात भरली. ज्या शहरात 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले तेथे ती भरावी, हा योगायोग असला तरी सुखद आहे. मराठी ग्रंथालयाला मात्र परवानाशुल्क वाचले म्हणून सारे फुकट होत नाही : दाखल नोंदवहीतील हजारो नोंदी कोणीतरी देवनागरीत टंकित कराव्या लागतात, 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' ही लेखने वेगळे काही सांगितले नाही तर यंत्र दोन शब्द म्हणून धरते, आणि लिनक्सवरचा सर्व्हर राखणारे, रोजची प्रत काढून ठेवणारे माणूस शासनाच्या वर्गवारीतील सर्वांत खालच्या, 'ड' वर्गाच्या वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात सहसा बसत नाही.

ठाण्याची परिषद संपून काही आठवडे होतात न होतात तोच न्यूझीलंडमध्ये वेगळाच पेच उभा राहिला. आज्ञावली खुली असली तरी नाव खुले नसते. कॅटिपोचा कोहा-विभाग 2007 मध्ये लिबलाइम या अमेरिकी कंपनीने घेतला होता आणि पुढे ती कंपनीही दुसरीच्या ताब्यात गेली होती. 'कोहा' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा लिबलाइमचा अर्ज न्यूझीलंडमध्ये प्राथमिक पातळीवर स्वीकारला गेला. वापरकर्त्यांच्या समुदायाने आपली सामाईक मालमत्ता सांभाळण्यासाठी होरोफेनुआ ट्रस्टचीच निवड केलेली होती, त्यामुळे हरकत घेण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले आणि वेलिंग्टनची कॅटलिस्ट ही कंपनी त्याच्या बाजूने उभी राहिली. डिसेंबर 2013 मध्ये लिबलाइमचा अर्ज फेटाळण्यात आला.