तपकिरी शैवालाचे रंगद्रव्य : फ्यूकोझँथिन

१/ समुद्री शैवालाला तपकिरी छटा देणारे कॅरोटिनॉइड म्हणजे फ्यूकोझँथिन. १९१४ मध्ये रिचर्ड विलस्टेटर आणि त्यांचे सहकारी पेज यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

२/ वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी विलस्टेटरांना १९१५ चे नोबेल मिळाले. पुढे ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ १९२४ मध्ये त्यांनी म्युनिकमधील प्राध्यापकपद सोडले. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडचा आश्रय घ्यावा लागला.

३/ २००५ मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी वाकामे शैवालातील फ्यूकोझँथिन उंदरांना दिले. पांढऱ्या मेदात यूसीपी-१ हे प्रथिन आढळले. साठवणीऐवजी ऊर्जेची उष्णता करणे, हे त्याचे कार्य. मेदाचे वजन घटले.

४/ मात्र उंदरांत दिसलेले माणसांत स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ‘मेद जाळणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती नेमकी हीच पायरी गाळतात.