रोगाचे नाव आणि दप्तरातील रकाना

रोगाला नाव असणे ही एक गोष्ट, आणि त्या नावाला सरकारी दप्तरात स्वतंत्र रकाना असणे ही दुसरी. पहिलीने वैद्याला वाट सापडते; दुसरीने समाजाला आपला हिशेब कळतो. अन्ननलिकेच्या जन्मजात व्यंगाचा इतिहास आम्हांला याच दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

काही मुलांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये खंडित असते. वरचा भाग खाली बंद. खालचा भाग बहुधा श्वासनलिकेला जोडलेला. अशा मुलाच्या तोंडाला फेस येतो आणि पहिल्याच घोटाला ते गुदमरते. टॉमस गिब्सन या इंग्रज वैद्याने १६९७ साली याचे यथार्थ वर्णन लिहून ठेवले. परंतु एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही टोके जोडून मूल वाचवण्याचे पहिले यश अमेरिकेत मिशिगन येथे कॅमेरॉन हेट यांना मिळाले, ते १९४१ साली.

दप्तराची चाल याहून मंद. जाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोच्या परिषदेत मृत्युकारणांची यादी मांडली. तिच्या १९०९ च्या आवृत्तीत जन्मजात व्यंगे १५० या एकाच क्रमांकात कोंबलेली होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत पचनसंस्थेच्या व्यंगांना ७५६ हा क्रमांक मिळाला. अन्ननलिका मात्र 'इतर' मध्येच राहिली. १९७५ साली ठरलेल्या नवव्या आवृत्तीत ती ७५०.३ खाली आली. १९९० च्या दहाव्या आवृत्तीत तिचे दोन भाग झाले : श्वासनलिकेशी जोड नसेल तर क्यू ३९.०, असेल तर क्यू ३९.१.

हा भेद कारकुनी हौसेचा नव्हे. मुलाच्या तोंडातून घातलेली बारीक नळी सुमारे दहा सेंटिमीटरवर अडते. मग क्ष-किरणांच्या चित्रात पोटात हवा दिसली, तर खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला आहे असे ठरते. न दिसल्यास बहुधा जोड नाही. त्यावर शस्त्रक्रियेचा बेत ठरतो.

असे मूल पुष्कळदा न्यूमोनियाने दगावते. दाखल्यावर केवळ 'न्यूमोनिया' लिहिले, की व्यंग हिशेबातून नाहीसे होते. कापसाच्या धुळीने छाती गेलेल्या गिरणीकामगाराच्या कागदावर नुसता 'दमा' लिहिला, की धूळ अशीच नाहीशी होते, आणि भरपाईचा हक्कही. बालशल्यतज्ज्ञ मागावयाचा, तर जिल्ह्यात अशी मुले किती जन्मली हे आधी सांगता आले पाहिजे. म्हणून दाखल्यावर शेवटचे दुखणे लिहून थांबू नये. ते ज्या मूळ कारणातून उद्भवले, तेही लिहिले जावे, असा आग्रह नागरिकांनी धरावा.