रिसीव्हरची पारख : 1956 ची आणि आजची

‘रिसीव्हर’ म्हटले की जुन्या पिढीला टेलिफोनचा कानाला लावायचा दांडा आठवतो. आकाशवाणीच्या कारभारात मात्र रिसीव्हर म्हणजे रेडिओचा संच. आज दुकानात जाऊन रिसीव्हर मागितला तर दुकानदार एक जड, काळी पेटी पुढे ठेवतो. ती टीव्हीला जोडायची, तिच्यातून पाच-सात स्पीकरांना तारा न्यायच्या आणि घरच्या इंटरनेटवरून तिने गाणी, चित्रपट, जगभरचे रेडिओ ओढून आणायचे. हा होम थिएटरचा मेंदू. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावातही, जिथून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो आणि जिथे गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी थांबते, कोणाला तरी ती घ्यावीशी वाटणारच. किंमत काही दहा हजारांच्या घरात. एवढा पैसा टाकण्याआधी ती पारखायची कशी?

या प्रश्नाला आपल्याकडे चांगला इतिहास आहे, आणि तोही मराठी खेड्यांतला.

1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, 150 गावांत, एक प्रयोग केला. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, शंका पत्राने केंद्राला कळवायच्या. उत्तरे रेडिओवरून येत. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. आजच्या भाषेत हेही जाळ्याला जोडलेले श्रवणच होते. फक्त जाळे टपालाचे होते.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली झाले. न्यूराथ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी रेडिओ सुस्पष्ट वाजतो का, एवढेच विचारले नाही. त्यांनी तीन प्रकारची गावे निवडली : मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना तेच ते प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी नव्हती. म्हणजे संच तोच, केंद्र तेच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो ऐकणाऱ्यांच्या बसण्या-बोलण्याने. मला ही परीक्षा आजच्या कुठल्याही कॅटलॉगपेक्षा प्रामाणिक वाटते. 1959 पासून ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली.

सौंदड या प्रयोगात नव्हते, असणे शक्यही नव्हते. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात, आणि गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. इथल्या कानांचे केंद्र नागपूर. ते 1948 च्या जुलैत सुरू झाले. पुढे 1988 मध्ये नागपुरातच एक मेगावॉटचा प्रचंड प्रक्षेपक उभा राहिला आणि आकाशवाणीची ‘राष्ट्रीय वाहिनी’ रात्रभर ऐकू येऊ लागली. 2018 च्या डिसेंबरात ती बंद करण्याचा निर्णय झाला. ऐकणाऱ्यांना चुकचुकल्यासारखे झाले असेल, पण त्यांचा रेडिओ बिघडला नाही. काटा फिरवला की दुसरे केंद्र लागत होते.

जाळ्यावरच्या पेटीचे तसे नाही. इंटरनेट रेडिओची केंद्रे ती स्वतः शोधत नाही. कंपनीने नेमलेल्या कोणाच्या तरी दूरच्या संगणकावरची यादी वाचते. यादी ठेवणारा थांबला, किंवा केंद्राने प्रसारणाची पद्धत बदलली, की चांगली पेटी मुकी होते. बीबीसीने 2015 च्या फेब्रुवारीत जुन्या पद्धतीचे प्रवाह बंद केले तेव्हा अनेक इंटरनेट रेडिओंवरून बीबीसी एकाएकी नाहीशी झाली. ऑनक्योसारख्या नामांकित जपानी कंपनीच्या होम थिएटर विभागाने 2022 मध्ये दिवाळखोरी पत्करली. 2020 मध्ये तर काही बड्या कंपन्यांच्या नव्या कोऱ्या रिसीव्हरांमधली चित्र पुढे पाठवणारी चिपच सदोष निघाली. नव्या गेमयंत्राचे वेगवान चित्र टीव्हीवर येईना. कॅटलॉगात त्याच सोयीची जाहिरात होती!

कॅटलॉगावरून आठवले. 1990 च्या दशकात बाजारात ‘1000 वॅट पीएमपीओ’ लिहिलेले टू-इन-वन ढिगाने मिळत. तो आकडा क्षणभराच्या कमाल धक्क्याचा, खऱ्या ताकदीचा नव्हे. अमेरिकेत असल्या दाव्यांना चाप लावणारा नियम 1974 मध्येच आला होता. आजही वॅटचा आकडा वाचताना शेजारची बारीक अक्षरे पाहावीत. एकच स्पीकर, एकच स्वर आणि 10 टक्के विकृती धरून मोजलेले 150 वॅट निराळे. दोन्ही स्पीकर, 20 ते 20,000 हर्ट्झ आणि नगण्य विकृती धरून मोजलेले 80 वॅट निराळे. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो फक्त 3 डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. पैसे मात्र दुप्पट लागू शकतात.

सौंदडकरांना आवाज पारखायला कोणी शिकवण्याची गरज नाही. याच रेल्वेमार्गावर वडसा आहे, झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. धान निघाल्यावर, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके ऐकलेल्या माणसाला संवाद कुठे बुडतो आणि नुसता ढोल कुठे वाजतो, हे लगेच कळते. तीच कसोटी लावावी. दुकानातल्या गालिचा घातलेल्या खोलीत सगळेच गोड वाजते. घरी स्लॅबखाली, कवेलूंखाली किंवा टिनाखाली आवाज वेगळा होतो. बहुतेक रिसीव्हरांसोबत छोटा मायक्रोफोन येतो, तो खोली मोजून स्पीकरांचा मेळ बसवतो. ही सोय असलेली पेटी घ्यावी आणि जमल्यास आठवडाभर घरी वाजवून पाहण्याची अट दुकानदाराला घालावी.

आणि एका संध्याकाळी, विजेचा दाब उतरतो त्या वेळी, घरातल्या सगळ्यांना बसवावे. आधी आकाशवाणीच्या अ‍ॅपवरून नागपूर लावावे. मग इंटरनेटचा डबा बंद करावा. टीव्हीचा आवाज येतो का, पेनड्राइव्हवरची गाणी वाजतात का, मोबाइलशिवाय साध्या रिमोटने आवाज कमी-जास्त होतो का, आजीला संवाद नीट समजतात का, ते पाहावे. मग पुन्हा वीज घालवून आणावी आणि पेटी आपणहून कामाला लागते की कोणी जाणता पोरगा घरी येईपर्यंत गप्प बसते, तेही बघून घ्यावे.